मुलाला कुणी खेळायला घेत नाही: आधी काय करायचं, नंतर काय

‘मला कुणी खेळायला घेत नाही,’ असं मूल एकदा म्हणालं की बहुतेक घरांत त्याच आठवड्यात तीन गोष्टी होतात. आई दुसऱ्या मुलांच्या आयांना फोन करते. बाबा ‘तूच पुढे होऊन बोलायला शीक’ असं सांगतात. आणि येत्या रविवारी अर्धा वर्ग घरी बोलावला जातो. फोनमुळे मुलावर चुगलखोर असा शिक्का बसतो. बाबांच्या सांगण्यातून पुढे होऊन नेमकं काय बोलायचं ते त्याला कळत नाही. रविवारी तर मैदानावर जे व्हायचं तेच होतं, फक्त आता आपल्या दिवाणखान्यात, आपल्या डोळ्यांदेखत.

मी मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. पालकांची कळकळ कधी कमी पडलेली मला दिसली नाही, क्रम मात्र जवळजवळ नेहमी चुकलेला दिसतो. शेवटी करायची गोष्ट आधी होते आणि आधी करायची राहूनच जाते. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. हे मुख्यतः सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. सगळं मिळून दोन-तीन महिने लागतील असं धरून चाला.

सुरुवातीआधी: तीन गोष्टी उरकून घ्या

पहिली गोष्ट म्हणजे हा छळ तर नाही ना, ते बघा. खेळायला न घेणं वेगळं आणि ठरवून, पुन्हा पुन्हा, दुबळ्याला गाठून त्रास देणं वेगळं. अंगावर वळ दिसतात, वस्तू किंवा पैसे गायब होतात, शाळेच्या नावानं सकाळी पोट दुखतं, एखादं नाव काढलं की मूल गप्प होतं, असं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट शाळेशी बोला. छळ होणाऱ्या मुलाला ‘मैत्री करायला’ शिकवत बसणं म्हणजे त्यालाच दोषी ठरवणं.

> थांबा: ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काही मूल बोललं असेल, तर वाट पाहू नका. आजच्या आज डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

दुसरी, कान आणि डोळे तपासून घ्या. हसण्यावारी नेऊ नका. गोंगाटात नीट ऐकू न येणारं मूल हाकेला ओ देत नाही, खेळाचा नियम बदललेला त्याला कळत नाही, आणि बाकीची मुलं त्याला शिष्ट ठरवून मोकळी होतात.

तिसरी, एक वही करा आणि एक माणूस ठरवा. घरात हे काम एकानंच बघायचं. आई एक सांगते, बाबा दुसरं, आजी तिसरं, यात मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

टप्पा १: नक्की कुठला प्रकार आहे ते ओळखा

जॉन कोई, केनेथ डॉज हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली एक साधी पद्धत वापरली. वर्गातल्या मुलांना दोनच गोष्टी विचारायच्या: सगळ्यांत जास्त कोण आवडतं आणि सगळ्यांत कमी कोण आवडतं. उत्तरांवरून मुलांचे पाच गट पडले. त्यातले तीन आपल्या कामाचे आहेत.

नावडतं मूल: बऱ्याच जणांना ते नको असतं आणि हवं असणारे जवळपास नसतात. पुढचे टप्पे मुख्यतः याच्यासाठी आहेत.

न दिसणारं मूल: त्याचं नाव चांगल्यातही येत नाही, वाईटातही नाही. ते कुणाला खुपत नाही, कुणाच्या लक्षातही राहत नाही. असं मूल स्वतः मजेत असेल तर त्याला सोडून द्या. एकट्यानं चित्र काढत बसणं हा आजार नाही. वर्ग बदलला की ही मुलं पुष्कळदा आपोआप मिसळतात.

दोन्हीकडचं मूल: काहींना फार आवडतं, काहींना अजिबात नाही. याला बहुधा मित्र असतात. इथे फक्त भांडणं आवरायला शिकवावं लागतं.

आणखी एक फरक करायला लोक हमखास विसरतात. गटात पसंत असणं आणि एक मित्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पार्कर आणि ॲशर यांच्या १९९३ च्या अभ्यासात, वर्गाला फारशा न आवडणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांना एक जिवलग मित्र होता असं दिसलं. तुमच्या मुलाला तसा एक असेल तर अर्धी लढाई झालेली आहे, त्या मैत्रीला जपा.

> हे करू नका: वर्गात हात वर करायला लावून ‘कोण आवडत नाही?’ असं विचारू नका. अभ्यासात हे गुप्तपणे आणि परवानग्या घेऊन होतं. उघडपणे विचारलंत की जे कुजबुजीत होतं ते जाहीर होतं.

टप्पा २: दोन आठवडे फक्त बघा

हा टप्पा सगळ्यांत कंटाळवाणा आहे आणि सगळे तोच गाळतात.

मुलाला ‘तुला का घेत नाहीत?’ असं विचारू नका. त्याला ते माहीत नसतं. माहीत असतं तर हा प्रश्नच आला नसता. विचारलंत की ते एक तर ‘सगळे वाईट आहेत’ म्हणतं, नाही तर ‘मीच वाईट आहे’ म्हणतं. त्याऐवजी बारीक, साधे प्रश्न विचारा: मधल्या सुट्टीत कुठे होतास? कुठला खेळ चालला होता? तू पोचलास तेव्हा डाव सुरू झाला होता का?

जमेल तेव्हा लांबून बघा: बागेत, मैदानावर, शाळा सुटताना, नातेवाइकांकडे. तास-तासभर बघायची गरज नाही. भांडण कुठे होतं? खेळात शिरताना, हरल्यावर, पाळी येण्याची वाट बघताना, वस्तू वाटून घेताना आणि खेळ बदलायचा ठरतो तेव्हा. एवढे पाच क्षण पकडा.

वहीत प्रत्येक प्रसंगाच्या तीन ओळी लिहा: आधी काय चाललं होतं, मुलानं काय केलं, बाकीच्यांनी काय केलं. उदाहरणार्थ: ‘चौघं चेंडू खेळत होते. हा धावत आत गेला, चेंडू उचलला आणि “असं नाही, मी दाखवतो” म्हणाला. एकानं चेंडू हिसकावला, बाकीचे हसले.’ ‘आज पण तसंच वागला’ ही नोंद नाही, हा राग आहे. तो वहीत नको.

शिक्षकांनाही हेच विचारा. ‘माझं मूल कसं आहे?’ असं विचारलंत तर ‘चांगलं आहे हो, थोडं चंचल’ असं उत्तर मिळतं. ‘या आठवड्यात जोड्या करायच्या होत्या तेव्हा काय झालं?’ असं विचारलं की खरं काय ते कळतं.

> तपासा: वहीत किमान आठ-दहा प्रसंग झाले का? त्यात एकच गोष्ट तीनदा तरी दिसते का? दिसत नसेल तर आणखी एक आठवडा बघा.

टप्पा ३: एक कारण निवडा

वहीत बहुधा यातलं काहीतरी सापडेल.

अंगावर जाणं. मारणं, ढकलणं, हुकूम सोडणं, मध्ये तोंड घालणं. मुलं ज्यांना टाळतात त्यांच्यात या स्वभावाची मुलं पुष्कळ असतात. पण दांडगटपणा एकटाच नडतो असं नाही. दांडगट पण गमत्या, दांडगट पण खेळात पटाईत अशी मुलं खपून जातात. ज्याच्याकडे फक्त दांडगटपणा आहे ते मूल बाहेर पडतं.

‘मुद्दामच केलं’ असं वाटणं. हे बाहेरून दिसत नाही. धक्का लागला, पाणी सांडलं, कुणी हसलं, की या मुलाला तो हल्ला वाटतो. डॉज यांनी १९८० पासून हे तपासलं. हेतू स्पष्ट नसेल तेव्हा आक्रमक मुलं समोरच्याचा वाईट हेतू आहे असंच धरून चालतात. मग ते उलटून मारतं, आणि बाकीच्यांच्या लेखी भांडण यानंच काढलेलं असतं.

रडीचा डाव. हरलं की नियम बदलणं, रडणं, खेळ मोडून निघून जाणं. यावर सर्वांत लवकर इलाज होतो आणि याचाच राग मुलांना सर्वांत जास्त येतो.

नियमांची पोलिसगिरी. हे मूल खरं तर फार शहाणं असतं. कोण रांग मोडतं, कोणी उत्तर बघून लिहिलं, सगळं बाईंना जाऊन सांगतं. मोठ्यांना ते आवडतं. मुलांना का आवडत नाही, हे त्याला कधीच उमगत नाही.

बुजरेपणा. लहान वर्गात खपून जातो. वय वाढतं तसा बाकीच्यांना तो विचित्र वाटू लागतो.

लक्ष न टिकणं. पाळीची वाट बघवत नाही, खेळाचा धागा सुटतो. बेट्सी होझा आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता ही तज्ज्ञांनी निदान करायची अवस्था) असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी मुलं वर्गाला नकोशी झालेली होती. वहीत पानोपानी हेच दिसत असेल तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या, कारण नुसत्या सरावानं हे सुटत नाही.

आणि शेवटचं म्हणजे वेगळेपण: बोलताना अडखळणं, शरीराची ठेवण, वर्गात नवीन असणं, वेगळी भाषा. इथे मुलाचं काहीच चुकत नाही. दुरुस्ती गटात व्हायला हवी. असं असेल तर टप्पा ४ मधला सराव मुलाला धीर देण्यापुरताच घ्या आणि जोर टप्पा ६ वर द्या.

दोन-तीन कारणं सापडली तरी निवडायचं एकच. ‘मारू नकोस, रडू नकोस, चुगली करू नकोस, हसून बोल’ अशी यादी घेऊन मैदानात गेलेल्या मुलाला त्यातलं एकही आठवत नाही.

टप्पा ४: एकच कसब, घरात, सरावानं

बहुतेक मुलांच्या बाबतीत मी चालू खेळात शिरण्यापासून सुरुवात करते. बाकीचं बरंचसं इथेच बिघडलेलं असतं. मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ साली दुसरी-तिसरीतल्या मुलांवर नेमका याचाच अभ्यास केला. नावडती मुलं खेळत असलेल्यांशी वाद घालायची, स्वतःबद्दल सांगायची, आपलं मत मांडायची, भलतेच प्रश्न विचारायची. थोडक्यात, सगळ्यांचं लक्ष खेळावरून स्वतःकडे ओढायची. आवडती मुलं चाललेल्या खेळात आपला सूर मिसळायची.

मोठी माणसं काय शिकवतात? ‘जा, आपलं नाव सांग आणि मी खेळू का विचार.’ या प्रश्नाला ‘नाही’ हे सगळ्यांत सोपं उत्तर असतं. शिवाय त्यानं खेळ थांबतो. त्याऐवजी हे पाच भाग शिकवा:

१. थोडं लांब उभं राहा आणि बघा. काय खेळतायत, कोण कुणाच्या बाजूला आहे, गुण कसे मोजतायत?

२. जवळ जा, पण मधे नको. चेंडू बाहेर आला तर आणून दे. कुणी छान खेळलं तर ‘भारी!’ म्हण. पहिला शब्द खेळाबद्दलचा हवा, स्वतःबद्दलचा नको.

३. फट शोध. डाव संपला, भिडू कमी पडला, एक बाजू लंगडी झाली, या फटी. चालू डावात घुसायचं नाही.

४. उपयोगी पडेल असं काही बोल. ‘तुमच्याकडे एक कमी आहे, मी येऊ?’ यात विनंतीबरोबर खेळाची गरजही आली. सुरुवातीला जे काम मिळेल ते घे. लिंबूटिंबू म्हणून घेतलं तरी चालेल.

५. ‘नाही’ म्हणाले तर ‘बरं’ म्हणून निघ. कारण विचारू नकोस, बाईंकडे जाऊ नकोस, चेंडू लाथाडू नकोस. दुसऱ्या गटाकडे जा किंवा उद्या बघ.

पाचवा भाग सर्वांत अवघड असतो आणि सराव त्याचाच जास्त हवा. सगळ्यांच्या आवडत्या मुलांनाही नकार येतात, हे मुलाला स्पष्ट सांगा. फरक नकारानंतरच्या अर्ध्या मिनिटात पडतो. तिथे आदळआपट केली तर उद्याचं दारही बंद होतं.

सराव असा करा: घरातली दोन माणसं काहीतरी खेळत बसतील, मूल शिरायचा प्रयत्न करेल. आधी उलटं करून दाखवा, म्हणजे तुम्ही शिरणारे आणि मूल नकार देणारं. नकार देताना मुलांना फार गंमत वाटते, आणि बाहेरून आलेला माणूस आतून कसा दिसतो तेही तेव्हाच कळतं. रोज दहा मिनिटं पुरेत. जेवताना, गाडीत, झोपताना पुन्हा तोच विषय काढू नका.

कारण रडीचा डाव असेल तर सराव हरण्याचा करा. लहान लहान डाव खेळा आणि मूल त्यातले निम्मे हरेल असं बघा. हरल्यावर म्हणायचं एक वाक्य ठरवा, ‘चल, परत एक’ एवढंच. आजोबा नातवाला मुद्दाम जिंकू देत असतील तर ते काही दिवस थांबवायला हवं. हे सांगणं मला नेहमी जड जातं.

कारण ‘मुद्दाम केलं’ हे असेल तर दिवसातले खरे प्रसंग घेऊन ‘मुद्दाम की चुकून?’ असं कोडं घाला. प्रत्येक प्रसंगाची तीन शक्य कारणं मुलानं शोधायची. त्यातलं एक तरी चुकून घडलेलं हवं.

> तपासा: न आठवण करून देता मूल पाचही भाग करून दाखवतं का? नकार मिळाल्यावर चेहरा पाडून का होईना, पण शांतपणे निघतं का? तसं होत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ५: एक भिडू, एक तास

आता घरी बोलवा, पण एकालाच. दोघांना बोलावलंत तर ते दोघं एकमेकांत रमतात आणि यजमान एकटा पडतो.

कुणाला बोलवायचं? वर्गातल्या सर्वांत लाडक्या मुलाला नको. त्याला नव्या मित्राची गरज नसते. आपल्या मुलाशी निदान वाकडं नसलेलं, आवड जुळणारं, थोडं शांत असं मूल शोधा. शिक्षकांना विचारलंत तर ते लगेच नाव सांगतात.

येण्याआधीची तयारी:

ज्या वस्तूला दुसऱ्याचा हात लागलेला मुलाला चालत नाही, ती कपाटात टाका आणि ‘आज ही बाहेर नाही’ असं आधीच ठरवा. मोबाइल, टीव्ही बंद. शेजारी बसून पडद्याकडे बघणं म्हणजे खेळणं नव्हे. भावंडाला दुसरीकडे गुंतवा. दोन-तीन खेळ काढून ठेवा, शक्यतो हरण्या-जिंकण्याचे नसलेले, मिळून काही बनवायचे. आणि एक नियम पक्का करा: काय खेळायचं ते पाहुणा ठरवतो.

वेळ तासभर, फार तर दीड तास. तुम्ही ऐकू येईल एवढ्या अंतरावर थांबा, पण खोलीत नको. बारीक कुरबुर झाली तर जाऊ नका. आवाज चढला तर मुलाला ‘जरा पाणी घ्यायला ये’ म्हणून बाहेर बोलवा आणि एका वाक्यात आठवण द्या. पाहुण्यासमोर कधीही रागावू नका. उद्या ती गोष्ट वर्गात पोचते.

मजा चालू असतानाच भेट संपवा. ‘अजून थोडा वेळ’ असा हट्ट दोघांनी केला तर उत्तम झालं असं समजा. मग त्याच मुलाला पुन्हा बोलवा. दर वेळी नवं मूल बोलावणं ही नेहमीची चूक आहे. ओळखी वाढतात, मैत्री मात्र एकाशीही होत नाही.

टप्पा ६: शाळेकडून काय मागायचं

मूल बदललं तरी वर्गाच्या डोक्यातली त्याची प्रतिमा मागेच राहते. मुलं आवडत्याचा धक्का ‘चुकून लागला’ म्हणतात आणि नावडत्याचा तोच धक्का ‘त्यानं मारलं’ असा सांगतात. कॅरेन बियरमन आणि विन्डॉल फर्मन यांनी १९८४ साली पाचवी-सहावीतल्या मुलांवर केलेला अभ्यास इथे फार उपयोगी आहे. नुसतं बोलण्या-वागण्याचं कसब शिकवलेल्या मुलांचं कसब सुधारलं, पण वर्गात त्यांना मान्यता मिळण्यासाठी बाकीच्या मुलांबरोबर मिळून काम करण्याची संधीही लागली. म्हणून शाळेला वगळून भागत नाही.

शिक्षकांना भेटताना तक्रार घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. आणि पुढच्यातल्या दोनच गोष्टी मागा, त्यांच्या हाताशी चाळीस मुलं असतील.

संघ आणि जोड्या शिक्षकांनीच पाडाव्यात. दोन कप्तान आळीपाळीनं भिडू निवडतात तेव्हा शेवटी उरणारं मूल रोज सगळ्यांसमोर शेवटी उरतं.

टप्पा ५ मधला भिडू शेजारी किंवा त्याच गटात बसवावा.

गटाचं काम असं द्यावं की प्रत्येकाकडे एक तुकडा असेल आणि त्याच्याशिवाय बाकीच्यांचं अडेल. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे ही पद्धत सुरू केली आणि ती आजही कुठल्याही वर्गात चालते.

मुलाला टोकायचं झालं तर जवळ जाऊन, हळू आवाजात. चांगलं केलं तर नेमकं काय ते सगळ्यांना ऐकू जाईल असं. शिक्षकांचा सूर मुलं फार पटकन उचलतात.

> हे टाळा: ‘आजपासून सगळ्यांनी याच्याशी मैत्री करायची’ असं भाषण. त्यानं मूल कीव करण्याचा विषय होतं. तसंच शाळेतल्या सगळ्या दांडगट मुलांचा एक वेगळा गट करू नका. १९९९ साली डिशियन, मॅककॉर्ड आणि पूलिन यांनी दाखवून दिलं की अशा गटात मुलं एकमेकांचं वागणं बिघडवतात.

टप्पा ७: सहा आठवड्यांनी वही उघडा

पहिल्या पानांशी तुलना करा. वर्गात किती जणांना आवडतं हे मोजायला जाऊ नका, ते सर्वांत उशिरा बदलतं. शिरताना भांडण होण्याचं प्रमाण घटलं का, नकारानंतर मूल लवकर सावरतं का, एखाद्या मुलाकडून उलट बोलावणं आलं का, एवढं बघा.

काहीच हललं नसेल तर आधी टप्पा ३ ला परत जा, कारण चुकीचं निवडलं गेलं असेल. दुसऱ्यांदाही तसंच झालं, किंवा खाणं, झोप, अभ्यास बिघडत चालला, तर बालमानसतज्ज्ञांची वेळ घ्या.

या वळणावर शाळा बदलण्याचा विचार हमखास येतो. कोई आणि कुपरश्मिट यांनी १९८३ साली मुलग्यांचे छोटे खेळगट जमवले होते. ज्या गटांत कुणीच कुणाला ओळखत नव्हतं तिथेही, तीन बैठकींच्या आत, शाळेत नावडती असलेली मुलं पुन्हा नावडतीच झाली. म्हणून कसब हाती नसताना नुसती जागा बदलली तर दोन आठवड्यांनी तेच गाऱ्हाणं ऐकू येईल. छळ थांबत नसेल तर मात्र कसबाची वाट न बघता बदला. आणि मूल खरंच बदललंय पण वर्ग जुना शिक्का सोडत नाही असं वहीत स्पष्ट दिसत असेल, तर नवी शाळा फार कामाची. फक्त तिथे पहिल्या आठवड्यात टप्पा ४ चा सराव पुन्हा करून घ्या, आणि पहिला भिडू दुसऱ्या आठवड्यातच घरी बोलवा.